दारातली जागा

सुंदरा कवडू उईके हे नाव तुम्ही कुठं वाचलेलं नसणार. मतदार यादीत ते आहे, पण तिथं तिला पुरुष करून ठेवलंय. ते दुरुस्त करा म्हणून मी तीनदा कचेरीत भांडून आलो, तरी अजून तसंच आहे. हिंगणीच्या पुढे, जंगलाला अगदी टेकून, तेरा झोपड्यांचा गोंडांचा एक टोला आहे. सुंदरा तिथली सून. वय विचारलं तर म्हणते, "तुमीच पाहून सांगा." मी तिशी धरतो. उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात दुसऱ्याच्या वावरात निंदण, दिवाळीनंतर गवतकापणी, असं तिचं वर्ष. तीन लेकरं झाली, एक राहिलं. सखू.

माझी तिची ओळख विळ्यावरून झाली. जंगलखात्याच्या एका नाकेदारानं गवत कापताना तिचा विळा हिसकावून घेतला होता. बाकीच्या बाया रडून घरी गेल्या. ही त्याच्या क्वार्टरसमोर जाऊन बसली. दोन दिवस. ओरडली नाही, हात जोडले नाहीत, नुसती बसली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनंच विळा आणून दिला. मी तेव्हा संघटनेसाठी जंगलमजुरांची नावं लिहीत त्या भागात फिरत होतो. मी म्हटलं, "बाई, तुला कुणी शिकवलं हे?" तर म्हणाली, "शिकवाचं काय त्याच्यात? विळा माह्या माहेरचा होता."

तर अशी बाई. आता सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगतो. त्यात माझी बाजू चांगली नाही. म्हणूनच मी सांगितलेलं बरं, दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा.

त्या साली चैत्रात एक गोरा माणूस भाड्याची जीप घेऊन माझ्याकडे आला. हेन्ड्रिक फेरहुल्स्ट, बेल्जियमचा. सिनेमे काढायचा. आश्रमावर सिनेमा काढायला म्हणून सेवाग्रामला आला होता, पण तिथं आधीच चार कॅमेरेवाले फिरताना पाहून त्याचं मन उडालं. मग हिंगणीच्या बाजारात चारोळी विकत बसलेली एक म्हातारी त्यानं पाहिली. कोपरापर्यंत गोंदलेले हात, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. तीच हवी म्हणाला. ती सुंदराची सासू, भागाबाई. मला इंग्रजी येतं हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलेला माणूस. इंग्रजी शिकलो ते रद्दीतल्या पेपरांतून आणि आश्रमात येणाऱ्या पाहुण्यांच्या मागं फिरून. त्यामुळे कुणी मुद्दाम इंग्रजीसाठी शोधत आलं की माझी छाती फुगते. ती फुगली.

टोल्यावर जाऊन मी भाषण दिलं. म्हटलं, हा सिनेमा विलायतेत दाखवतील. तुम्ही कसे जगता, कोण तुमचे विळे हिसकावतं, सगळं जगाला दिसेल. मग जमिनीचे पट्टे कसे मिळत नाहीत ते बघू. कवडू, म्हणजे सुंदराचा नवरा, गरीब माणूस, सायबाच्या जीपकडेसुद्धा तो मान खाली घालून बघायचा. तो हो म्हणाला. भागाबाईला गोंडीच नीट यायची. सुंदरानं तिला गोंडीत सांगितलं, तिनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, पाहू दे त्याले. पाहून पाहून काय झिजन मी?"

टोल्यात त्याचं नाव फेरूसायब पडलं. माणूस वाईट वागायचा नाही, हे आधी सांगतो. उकिडवा बसायचा, ज्वारीची भाकर ठेच्याबरोबर खायचा, डोळ्यांतून पाणी आलं तरी खायचा. त्याचा कॅमेरा लहानसा, चावी भरून चालणारा. चावी भरली की अर्धा मिनिट घरघरायचा, मग पुन्हा भरायची. दिवे नव्हते. "मी दिवे वापरत नाही," तो सांगायचा, "आहे त्या उजेडात आहे ते घेतो."

उन्हं कलली की मोहाखाली बसून तो आपली हकीगत सांगायचा, मी मराठीत करायचो आणि आजूबाजूची माणसं ऐकायची. त्याचा बाप कालव्याच्या दरवाज्याचा राखणदार. हा चौदाव्या वर्षी शाळेतून सुटला आणि सिनेमाघरात रिळांचे डबे वाहायला लागला. पुढे फिल्म धुण्याच्या कारखान्यात, सात वर्षं अंधारात, हात आम्लानं पिवळे. मग लढाई. जर्मनांनी धरून मजुरीला नेलं. परत आला तेव्हा आई गेलेली. राहतं घर विकून त्यानं सैन्याच्या मोडीतला कॅमेरा घेतला. "कंपनी नाही, मालक नाही, नट नाही. माझ्या देशात लोक सिनेमे काढतात ते आधी लिहून काढतात. मी लिहीत नाही. मी काहीच घडवून आणत नाही. मी वाट पाहतो."

खोटं कशाला बोलू, मला तो माझाच भाऊ वाटला. कुणाच्या दारात न शिकलेला, कुणाचा हुकूम न मानणारा.

एका संध्याकाळी तो आपल्या तीन सिनेमांबद्दल सांगत होता. पहिला एका डोंगेवाल्यावर. नदीवर पूल झाला, डोंगा चालेना, तरी म्हातारा रोज डोंगा काढायचा. दुसरा कोळशाच्या खाणीतल्या मजुरावर. तिसरा इटलीच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या बाईवर. त्या तिसऱ्याला बक्षिसाचा बिल्ला मिळाला होता. बिल्ला त्यानं आम्हाला दाखवला. तो हातोहात फिरला. सुंदरानं तो पाहिलासुद्धा नाही, तसाच पुढे दिला.

"भाऊ," ती म्हणाली, "तो डोंगेवाला आता काय करते म्हणून इचारा."

मी विचारलं. "बुडाला," फेरूसायब म्हणाला. "शेवटच्या दिवशी. रिकामा डोंगा वाहत गेला, तो मला कॅमेऱ्यात मिळाला. सुंदर उजेड होता."

"अन् तो खाणवाला?"

"त्याच्या छातीत कोळसा भरला होता. तो माझ्यासमोरच गेला."

"अन् ते बाई?"

"बर्फात सापडली नाही. तिची मेंढरं परत आली, ती मी कॅमेऱ्यात घेतली. म्हणून तर सिनेमा पुरा झाला."

मी मराठीत करत गेलो. करता करता माझाच आवाज मला कसासा लागला. सोनबा म्हणून टोल्यातला सगळ्यात जुना माणूस होता, देवाधर्माचं तोच बघायचा. त्यानं चिलीम खाली ठेवली.

सुंदरा म्हणाली, "म्हणजे याचा सिनेमा माणूस मेल्याबिगर सरतच नाई?"

तेही मी सांगितलं. फेरूसायब मोठ्यानं हसला. म्हणाला, "हुशार आहे ही. हिच्यावरच काढायला हवा होता." मी ते तिला सांगितलं. तिनं सखूला उचललं आणि घरात गेली.

वैशाखात भागाबाईला ताप आला. थंडी वाजून यायचा, गोधड्या घातल्या तरी खाट हलायची, मग घाम सुटून उतरायचा. एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या पाळीला ती खाटेवरून उठलीच नाही.

सुंदरा जीपजवळ आली. "भाऊ, सायबाले म्हणा, बुढीले सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन घाला. गाडीनं दोन घंट्याचं काम हाय."

मी सांगितलं. फेरूसायबानं खिशातून रुमाल काढला, मान पुसली. "उद्या पाहू," म्हणाला. "आज ताप उतरेल. एवढ्या वाटेनं हलवणं बरं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपडीत शिरला आणि वैतागून बाहेर आला. आत काळोख. खाट मागच्या भिंतीला, तिथं कॅमेऱ्याला काही दिसेना. उजेड फक्त दारातून यायचा आणि उंबऱ्याच्या आत भुईवर हातभर पट्टा पडायचा. "तिला इथं खाली निजवा," तो बोटानं दाखवत म्हणाला. "थोडा वेळ. गारही वाटेल तिला."

आता हे नीट समजून घ्या. म्हातारं माणूस जायला टेकलं की त्याला खाटेवरून खाली घेतात. हे आपल्याकडंही आहे. पण त्या टोल्यात त्याचा अर्थ अगदी पक्का आहे. खाली घेतलं म्हणजे झालं. मग त्याला खाटेवर परत घेत नाहीत, जेवू घालत नाहीत, ओठ तेवढे ओले करतात. आणि हे काही कुणी जाहीर करायला लागत नाही. खाली निजलेलं माणूस ज्यानं पाहिलं त्यानं ओळखायचं.

मला हे माहीत होतं. निदान ऐकलेलं होतं. पण सायबानं सांगितलं आणि माझ्या तोंडून ते गेलं, "कवडू, आईला दारापाशी खाली घे."

सुंदरा चुलीपुढून उठली. "खाली काऊन?"

"उजेडासाठी. जरा वेळ."

"जित्ती हाय ते अजून. असं घेत नसतेत, भाऊ."

"अगं, उजेडासाठी म्हणतोय ना!" मी तापलो. माझा स्वभाव तसा आहे. "सगळ्यातच तुमचं हे असतं नाई, तसं नाई! जगाला दाखवायचंय की नाही तुमचं?"

कवडूनं माझ्याकडं पाहिलं, सायबाकडं पाहिलं, आणि आईला दोन्ही हातांवर उचलून त्या उजेडात ठेवलं.

कॅमेरा घरघरायला लागला. भागाबाईनं डोळे उघडले. वर छपराकडं पाहिलं, मग बाजूला, भुईकडं. हात फिरवून तिनं माती चाचपली. तेवढं पुरलं तिला. कवडूला गोंडीत काहीतरी शांतपणे बोलली आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

"काय म्हणाली?" सायबानं मला विचारलं. मी सुंदराला विचारलं.

सुंदरा म्हणाली, "म्हणते, सांगाले पायजे होतं, केस तरी इचरून घेतले असते."

तेवढ्यात सोनबाची म्हातारी विस्तव मागायला दारात आली. तिनं पाहिलं आणि विस्तव न घेताच परत फिरली. घटकाभरानं शेणाची पाटी घेऊन आली आणि भागाबाईभोवतीची भुई सारवायला लागली. सुंदरा धावली, "नाई वो माय, तसं नाई, सायबानं..." म्हातारीनं ऐकलंच नाही. दुपारपर्यंत पलीकडच्या पाड्यातले सोयरे आले. दुपारी सुंदरानं पेज केली. भागाबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. सुंदरानं बोटानं उघडायला बघितले, तर भागाबाईनं तिच्या हातावर हलकेच चापट मारली, पोराला मारतात तशी.

"खाय ना वो माय, काई झालं नाई तुले!"

सोयऱ्यातला एक जण म्हणाला, "खाली घेतल्यावर जेवाले घालतेत का? काय करून राह्यली तू, सुंदरा?"

फेरूसायब दिवसभर हललाही नाही. दारात गुडघ्यावर बसून चावी भरत होता.

संध्याकाळी मी त्याला जीपमागं गाठलं. सांगितलं की असं असं झालं, तुझ्या उजेडापायी झालं, आता हिला दवाखान्यात न्यायलाच पाहिजे, आत्ताच्या आत्ता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावत. मग म्हणाला, "हा त्यांचा रिवाज आहे. तिनं तो स्वीकारला आहे. मी कोण मध्ये पडणारा? मी त्यांच्या रिवाजाचा मान राखतो."

"मान? खाली तू घ्यायला लावलंस!"

"मी उजेड मागितला," तो म्हणाला. "बाकीचं त्यांनी केलं." आणि हळू आवाजात, एखाद्या मित्राला सांगावं तसं, "माझ्याकडे फिल्मचे तीन डबे उरलेत. पुरतील."

मी त्याची गचांडी धरली. जीपच्या ड्रायव्हरनं सोडवलं. जीप त्या ड्रायव्हरच्या मालकाची, आणि भाडं सायबाचं. किल्ली सायबाच्या खिशात.

सुंदरा लांबून बघत होती. मी तिच्यापाशी गेलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "नाई म्हणाला ना?"

"नाही म्हणाला."

"त्याचे तिघं झाले," ती म्हणाली. "हे चौथी धरून बसला."

दुसरा दिवस तसाच गेला. मध्ये तापाची पाळी येऊन गेली. म्हातारी भुईवर थरथरत होती आणि बाया रडायला तयार होऊन बसल्या होत्या. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. चावीचा आवाज तेवढा. टोल्यातली कुत्रीसुद्धा त्या दाराकडं जाईनात. सखूला आजीकडं जाऊ देत नव्हते. ती बाहेरून हाक मारायची आणि आतून ओ येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुंदरानं पदर खोचला. कवडूला म्हणाली, "आयकता का, बैल जुपा."

कवडू जागचा हलेना. "लोक काय म्हणतीन?"

"माय तुमची हाय का लोकायची? जुपा म्हणते ना! का मीच लागू जुवाले?"

त्यानं बैल जुंपले. सुंदरा आत गेली, वाकली, आणि सासूच्या मानेखाली एक हात, गुडघ्याखाली एक हात घालून तिला उचललं. बाया किंचाळल्या. भागाबाई एवढी हलकी झाली होती की सुंदराचाच तोल गेला. म्हातारी पुटपुटत होती, सुंदरा तिला मराठीतच दटावत होती, "चूप राय, बुढे. मरा लागन तर खाटेवर मरजो, गाडीत मरजो, याच्या डब्यात नाई मराचं."

दारात सोनबा आडवा झाला. रागावलेला नव्हता. घाबरला होता. हात जोडून म्हणाला, "पोरी, नेतं तर ने. पन सारवलेली जागा मोकळी कशी सोडतं? माणूस घेतलं होतं तिथं. ते आता कोणालेतरी मागन."

"मंग मले मागू द्या," सुंदरा म्हणाली, आणि त्याच्या बाजूनं वाट काढून बाहेर पडली.

सगळे तिच्यामागं वळले. त्या गडबडीत फेरूसायब आत शिरला. त्याला ते चित्र हवं होतं: काळ्या दाराची चौकट, बाहेर ऊन, आणि दूर जाणाऱ्या म्हातारीचे लोंबणारे पाय. खालून घ्यायला हवं होतं. तो पालथा पडला, कॅमेरा उंबऱ्यावर टेकवला. त्या सारवलेल्या जागेत, बरोब्बर, डोकं आणि पाय म्हातारीचे होते तिकडंच.

अंगणातला आवाज एकदम बंद झाला. सोनबा मटकन खाली बसला. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. कॅमेरा घरघरत राहिला.

सुंदरा गाडीवर चढून सासूचं डोकं मांडीवर घेत होती. तिनं मान वळवून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. इतके दिवस त्या माणसाला तिनं मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. पण ती ओरडली, "भाऊ! त्याले उठवा! सांगा त्याले, उठ म्हणा तिथून!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. टोल्यात इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं. दोन शब्दांचं काम.

मी बोललो नाही.

मी असलं काही मानत नाही. जागा कुणाला मागत नसते. मग सांगायचं काय, असं मी मनाशी म्हटलं. पण मानत नव्हतो, तर सांगून टाकायला माझं काय जात होतं? दोन दिवसांचा राग माझ्या दातांत होता. मी दात मिटून उभा राहिलो आणि तो पडून राहिला, चावी संपेपर्यंत. मग गाडी वळणाआड गेली.

तो उठला, सदऱ्याला लागलेलं शेण झटकलं, आणि मला म्हणाला, "शेवट नाही मिळाला. पण हे छान आलं असेल."

सेलूपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. सेवाग्रामला पोचायला संध्याकाळ झाली. मलेरिया निघाला. गोळ्या, पेज, गोळ्या. सुंदरा बावीस दिवस दवाखान्याच्या ओट्यावर राहिली. पहिले चार दिवस म्हातारी तोंड उघडेना. मग सुंदरानं तिला काय सांगितलं कोण जाणे, पाचव्या दिवशी खायला लागली. भागाबाई आज आहे. बाजारात बसते, चारोळी विकते, सुनेच्या नावानं कुरकुरते. टोल्यातल्या काही घरी तिला अजून पाणी देत नाहीत, आणि सुंदराकडं दोन वर्षं कुणी मदतीला आलं नाही. सुंदरानं त्या भिंतीतलं दार बुजवलं आणि दुसऱ्या बाजूला काढलं. एकटीनं.

फेरूसायब त्याच आठवड्यात गेला. जाताना माझा हात हातात घेतला. हात तापलेला होता. वैशाखाचं ऊन, कुणाचाही तापेल. भागाबाईचा एक फोटो पाठवतो म्हणाला, पत्ताही लिहून घेतला.

मी टोल्यावर गेलो की सुंदरा पाणी देते, आणि मी तांब्या खाली ठेवायच्या आत विचारते, "सायबाचं पत्र आलं का, भाऊ?" दोन वर्षं झाली, दर खेपेला. मी नाही म्हणतो. ती माझ्याकडं बघत राहते. मागच्या महिन्यात मला ते बघणं सहन होईना. म्हटलं, "आलं. ठीक आहे तो. सिनेमा काढतोय कुठंतरी."

"काय लिवलं? वाचून दाखवा ना."

"घरी राहिलं."

सुंदरा शेंगा निवडत होती. हात थांबला नाही. "तवा बोलाचं होतं तर तुमी चूप होते," ती म्हणाली. "आता काऊन बोलता?"